भांडन एक, भांडे चार

त्या दिवशी आंगनात आमी एवढे जन होतो: मी, माही पोरगी शीला, तिच्या खांद्यावर झोपलेली बिसाहिन, दारात पाय पसरून बसलेली मनटोरा, तिचा नवरा समारू, समोरच्या घरातल्या आंध्रावाल्या अम्मा, अन् मधात लाकडाच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेले सर. आता त्यातले सर नाई, समारू नाई. अम्मा पोराकडे निंगून गेल्या. मनून मी सांगून ठेवते.

सर मंजे आमचे घरमालक. भिलाईतल्या कोहक्यात त्यायचं घर होतं, मांगच्या दोन खोल्यात आमी राहो. मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्याच बोलीचे. वकिलीच्या पोरायले शिकवत होते, रिटायर झाल्यावर पुस्तक लिवाले घेतलं. मी त्यायचा सैपाक करत होती, अन् सैपाक होईतो ते मले पुस्तक सांगत. मने, "बाई, तुमाले समजलं तं पोरायले समजन." मी तिसरी शिकलेली. मले समजे ते उलटंच समजे, पन सर थांबत नव्हते.

पुस्तक कायद्याचं होतं. एकच भांडन घ्याचं अन् चार देशात फिरवून आनाचं, कोनता देश कसा निवाडा करते ते पाहाचं. तेबी खून-चोरीचं भांडन नाई. लग्न, सौदा, वाटनी, भिंत, झाड, भाडेकरू, असं मानसामानसातलं. त्याले ते प्रायव्हेट कायदा मनत.

हे प्रायव्हेट आयकून मले लय दिवस भलतंच वाटे. भिलाईत प्रायव्हेट मंजे जो लोखंडाच्या प्लांटात परमनंट नाई तो. परमनंटवाल्याले क्वार्टर, दवाखाना, पोरायले शाळा. प्रायव्हेटवाल्याले ठेकेदार. माहा मालक, शीलाचा बाप, ठेक्यातच होता. उंचावर काम करता करता एक दिवस खाली आला अन् गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याचे चप्पल आनून देल्ले. चप्पल चांगले होते, मी ते वर्षभर घातले. तं मले वाटे, प्लांटवाल्यायचा कायदा येगळा असन अन् आमच्यासारख्यायचा हा प्रायव्हेट. मनलं, बरं झालं, आमच्यासाठी कोनीतरी पुस्तक लिवून राहिलं. एक दिवस मी सरले तसं बोलून बी देल्लं. सर हासले नाई. पोळी हातात धरून बसले अन् मने, "बाई, असा कायदा असाले पाह्यजे. पन तो माह्या पुस्तकात नाई."

दुसरी गंमत जर्मनची. सर मने, जर्मन कायदा लय पक्का हाय, सौ साल हालत नाई. मी मनलं, "पक्का कायचा सर, दोन वर्सात बूड पातळ होते." माह्या ध्यानात आपला भात रांधाचा जर्मनचा गंज. ॲल्युमिनच्या भांड्याले आपन जर्मनच मनतो ना. सर उठले, रांधनीत गेले, जर्मनचा गंज उचलून आनला अन् टेबलावर ठेवला. "हा जर्मनी." पितळेचा लोटा आनला, "हा फ्रान्स." स्टीलचा डबा इंग्लंड. अन् मातीचं मडकं आपलं. मंग एक आलू घेतला. आलू मंजे भांडन. आलू गंजात टाकला, काढला, लोट्यात टाकला, काढला. मने, "पाहा बाई, भांडन एक, भांडे चार. कायद्याचं नाव आधी इचाराचंच नाई. आधी आलू पाहाचा, मंग भांडं."

तवापासून माह्या सैपाकाचे वांधे झाले. भात टाकाले जाव तं गंज जागेवर नाई. मी भाईरूनच आवाज देव, "सर, जर्मनी द्या, भात मांडाचा हाय." ते मनत, "थांबा, अजून तलाक व्हायचा हाय."

त्यायची एक सवय मंजे मानूस दिसला का इचारनं, "तुमच्याकडं काय करते?" भिलाईत सगळ्या मुलखाचे लोक. बजारात भाजीवाला बिहारचा, मेडिकलवाला पंजाबचा, नर्सबाई केरळची, शिंपी ओडिशाचा. सरले जसं काही घरबसल्या जग भेटलं होतं. वांगे घेता घेता इचारत, तुमच्याकडं बापानं मरताना सगळं एकाच पोराले देल्लं तं चालते का? वांगेवाला मने, बाबूजी, पहले झोला खोलो. एकडाव इथल्याच पद्मनाभपूर मोहल्ल्यात त्यायच्या एका केरळवाल्या दोस्ताची मयत झाली. सर भेटाले गेले अन् बसल्या बसल्या इचारलं, तुमच्यात जुन्या काळी मामाचं सगळं भाच्याले जाये, पोराले नाई, हे खरं का? घरच्यायनं त्यायले हाताले धरून भाईर नेलं, चहा पाजला, रिक्शात बसवलं. घरी येऊन मले सांगतलं, "चहा चांगला होता. पन मी निंगालो तवा पोरगा अन् भाचा एकमेकाकडं पाहून राहिले होते."

शेजारच्या मुनग्याची, मंजे शेवग्याची, फांदी आमच्या आंगनात आली होती. शेंगा खाली पडल्या का मी उचलाव, तं सर खिडकीतून, "थांबा. कोनत्या देशात उचलून राहिल्या?" त्यायच्या हिशोबानं फ्रान्सात अन् जर्मनीत आपल्या जागेत पडलेली शेंग आपली. इंग्लंडात पडली तरी झाडवाल्याची. मी मनलं, मंग आज फ्रान्सात उचलते. तसं वरन फ्रान्सच्या कायद्यानं शिजे. पन एक दिवस मी फांदी जरा हालवली. सर भाईर आले. "हालवली कावून? आपोआप पडलं तं तुमचं. हालवून पडलं तं फ्रान्स बी तुमच्या बाजूनं नाई." त्या दिवशी त्या शेंगा सर सोता शेजाऱ्याच्या घरी देऊन आले. शेजारी घाबरला, त्याले वाटलं झाडावर केस लावून राहिले.

अन् ती बाज. बजारातल्या सुताराकडं सरनं एक बाज पाह्यली, पसंत केली, "घेतली" मनलं अन् घरी आले, सकाळी आनू मनून. तेवढ्यात एक म्हस बाजेवर बसली. पाय तुटला. सुतार बिचारा दुसरी देत होता. पन सर तवा फ्रान्सचा धडा लिवून राहिले होते. त्या देशात जबान देल्ली का वस्तू घेनाऱ्याची झाली, मंग म्हस बसो का हत्ती. सरनं मोडकी बाज उचलून आनली, खाली इटा लावल्या, अन् जलमभर त्याच्यावरच झोपले. मले मने, "जर्मनी लिवून राहिलो असतो तं वाचलो असतो. तिकडं हातात आल्याबिगर आपली होत नाई."

असा हा मानूस. लोक त्यायले अर्धवट मनत. मीबी मने. पन ज्या दिवसाचं मी सांगून राहिली, त्या दिवशी त्यायनं जे केलं ते शान्या मानसाले जमलं नसतं.

शीलाचं पयलं लेकरू पोटातच गेलं. दुसरं पोरगं झालं, गोरंपान, दीड महिना राहिलं अन् एका तापात गेलं. जवाई रायपूरकडं ट्रकवर होता, येऊन रडून परत गेला. शीला रडली नाई, तिनं पान्याची टाकी घासली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाकीच घासत राहिली. तिसऱ्याच्या वेळी ती मले मने, आई, हे गेलं तं मी नाई राहात.

पोरगी झाली. आमच्या बाजूच्या खोलीत मनटोरा राहे, इथलीच छत्तीसगडची, डोंगरगडकडची. समारू इथंच मरोद्यात गोडाऊनवर होता. तिले लेकरूबाळ नव्हतं. ती बाळंतिनीजवळ येऊन बसली अन् मने, बेच दे मोला, हे लेकरू मले विकून टाक. त्यायच्याकडं ही रीत हाय, आमच्या गावाकडंबी हाय. ज्याचे लेकरं जगत नाई, तो लेकरू जलमल्या जलमल्या दुसऱ्या बाईले विकते. मंग ते लेकरू त्या घरचं राहत नाई. त्या घरावर जे काई येते ते येऊन पाहते, इथं तं आपलं कोनीच नाई, अन् परत जाते. तसं केलं. सुपात लेकरू ठेवलं, मनटोराच्या हाती देल्लं, तिनं पदरात बांधून आनलेला मूठभर कोंडा शीलाच्या ओटीत टाकला. नाव ठेवलं बिसाहिन, मंजे विकत घेतलेली. मंग मनटोरानं सूप परत शीलाजवळ केलं अन् मनलं, "मोर नोनी ला पाल-पोस के बड़े कर दे." माह्या पोरीले वाढवून मोठी करून दे.

पोरगी जगली. शीला तिले मनटोराची मने. "मनटोराची पोरगी भुकी हाय," असं मने अन् पाजाले घे. मनटोरा रोज सकाळी येऊन मालकिनीसारखी इचारे, माही पोरगी रातच्याले झोपली का, खोकला गेला का. आमी हासत होतो. सरबी हासत. मूठभर कोंड्याचं आयकून सर तं टेबलाभोवती फिरले. मने, इंग्लंडात बिना मोबदल्याचा सौदा चालत नाई, पन मोबदला मंजे मिऱ्याचा एक दाना असला तरी कोर्टाले चालते. "अन् आपला कोंडा. बाई, हे पाहा, लंडनवाल्यायचं अन् कोहक्यावाल्यायचं डोकं एकच."

बिसाहिन चालाले लागली, अन् समारूचं काम सुटलं. ते गावाकडं चालले. निंगाच्या दिवशी मनटोरा नवीन झबलं घेऊन आली अन् दारात बसली. मने, "नोनी ला लेगे बर आय हंव." पोरीले न्याले आली. आमाले वाटलं गंमत. शीलानं चहा ठेवला. मनटोरानं चहा घेतला नाई. मने, मी घेतली, सगळ्यायच्या समोर घेतली, कोंडा देल्ला, आता मी जाऊन राहिली तं माही पोरगी इथं कावून ठेवू? समारू तिले उठ उठ मने अन् जमिनीकडं पाहे. अम्मा आल्या, तिची समजूत काढाले लागल्या, तेलगूत अन् हिंदीत. ती उठे ना. तिच्या डोळ्यात पाहून मले समजलं, ही गंमत नाई. दीड वर्स ती सकाळी उठून माय होत होती.

अन् शीलाचं पाहा. ती मनू शकत होती का जा मनटोरा, ते तं तसंच केलं होतं? नाई मनू शकत. तसं तोंडातून निंगालं का त्या घरावर जे येते त्याले आयकू जाईन का लेकरू इथलंच हाय. अन् सौदा खरा मनलं तं लेकरू डोंगरगडले जाते. ती खांद्यावर पोरीले घट धरून भिंतीले टेकून उभी, एक शब्द नाई. मीच सरले बलावलं.

सर आले, खुर्ची मांगवली, चारी भांडे मांगवले. मी मनातल्या मनात मनलं, झालं, आता आलू लागन. पन सरनं आलू मांगला नाई. शांतपने सगळ्यायचं आयकलं. मंग लोट्यावर बोट ठेवून मने, "फ्रान्सात सौदा पक्का, बोलल्या बोलल्या पक्का." गंजावर, "जर्मनी इचारते, हाती देल्लं का? देल्लं. सुपातून देल्लं." डब्यावर, "इंग्लंडात मोबदला पाह्यजे. कोंडा हाय." मनटोराची मान वर वर होत गेली. शीला पांढरीफटक. मंग सरनं चारी भांडे जवळ ओढले अन् मने, "पन एक गोष्ट अशी हाय का तिच्यावर ह्या चारी देशायचं उत्तर एकच हाय. पुस्तकात असं लय कमी होते. कोनत्याच देशात मानसाचं..."

"सर." शीला बोलली. त्या दिवशीचा तिचा तो पयला शब्द. झोपलेल्या पोरीचा एक कान तिनं खांद्याले दाबला होता, दुसऱ्यावर तळवा ठेवला होता. "तिच्या समोर नका बोलू. घराले बी कान हाय."

ते उत्तर तुमालेबी माहीत हाय. मी इथं लिवत नाई.

सरनं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. ह्या मानसानं मयतीत तोंड आवरलं नव्हतं. बजारात नाई, लग्नात नाई. अन् हे उत्तर तं त्यायच्या साऱ्या पुस्तकातलं सगळ्यात पक्कं. त्यायनं शीलाकडं पाह्यलं, पोरीच्या कानावरच्या हाताकडं पाह्यलं. मंग तोंड मिटलं, चारी भांडे एकेक करून खुर्चीखाली ठेवले. अन् मनटोराले इचारलं, "सौदा झाला, पोरगी तुही झाली. मंग सूप परत देताना तू काय बोलली? शब्द न शब्द सांग."

मनटोरानं सांगतलं. पाल-पोस के बड़े कर दे. अम्मा मने, हो, मी होती, हेच बोलली.

सर मने, "मंजे तू शीलाले काम देल्लं. आता सांग, शिंप्याकडं पोलक्याचं कापड टाकलं. कापड कोनाचं?"

"मोर," मनटोरा मने. माहं.

"असते कोनाजवळ?"

"दरजी कना."

"अन् एकच बाही शिवून झाली असताना कापड ओढून आनशीन तं काय घालशीन?"

समारूच्या तोंडावर हासू आलं, त्यानं ते गमछ्यात लपवलं. सर मने, काम पुरं होईपर्यंत कापड शिंप्याजवळ राहते, अन् तो तुह्या मालकीले हात लावत नाई. तू मोठी करून दे मनलं. पोरगी अजून मोठी झाली नाई.

मनटोरा लय वेळ झबल्याची घडी करत राहिली. मंग तिनं इचारलं, "कतका बड़े?" केवढी मोठी?

सर आधी बोलले अठरा. मंग शीलाकडं पाह्यलं, अन् मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं, त्या मानसानं जलमात पयल्यांदा कायद्यात घासाघीस केली. मने, नाई, जपानात वीस. अन् इंग्लंडात जुन्या काळी एकवीस होतं. "आपन इंग्लंडचं जुनं घेऊ. कोंडा इंग्लंडचा घेतला, तं वयबी तिथलंच."

"इक्कीस?" मनटोरा मने. "तब तक तो मैं बूढ़ी हो जाहूं."

"होशीन," सर मने. "पन पोरगी तुहीच राहीन. तुमच्याकडं तीजाले पोरी कुठी जाते?"

तीजाच्या सनाले छत्तीसगडची पोरगी मायच्या घरी जाते, कितीबी दूर असो. मनटोरानं मान हालवली. सर मने, मंग बिसाहिन तुह्याकडं येईन. दर साली, लहान असतानापासून. शीला आनून सोडन. शीलानं लगेच हो मनलं. मंग पोरीचे कान सोडले, तिले खांद्यावरून उतरवलं अन् मनटोराच्या मांडीवर देल्लं. मने, "तुही पोरगी घे. झबलं घालून दे, मंग मले दे, अजून लय शिवाचं हाय."

मनटोरा रडली अन् हासली. झबलं घालताना पोरगी जागी झाली अन् तिनं मनटोराचं नाक धरलं. अम्मायनं सगळ्यायले इडली आनून देल्ली. सरनं चार खाल्ल्या अन् अम्माले इचारलं, तुमच्याकडं नदी आपली जागा सोडून सरकली तं शेत कोनाचं? अम्मा मने, सर, आज नको.

सर गेले त्याच्या आधी पुस्तक छापून झालं होतं. पातळसंच हाय. मरोद्याच्या एका वकिलीच्या पोरीनं मले ते वाचून दाखवलं. मुनग्याची शेंग हाय, म्हस अन् बाज हाय, मिऱ्याचा दाना बी हाय. कोंडा नाई. बिसाहिनचं नाव कुठीच नाई. चारी देशायचं उत्तर जिथं एक होते, ते पान सरनं पुस्तकातून गाळलं. ती पोरगी मने, आजी, सौद्याच्या धड्यात एवढी मोठी गोष्ट राहूनच गेली का? मी मनलं, असन.

बिसाहिन आता नर्सिंग शिकून राहिली. एकविसाले अजून थोडं बाकी हाय. तीजाले मनटोराकडं जाते, समारू गेला तवा पयले तीच धावली. घरी आली का हिंदीच बोलते, मराठी माह्याशीच. अन् शीला आजबी तिले माही पोरगी मनत नाई. भाकर वाढताना मले इचारते, "मनटोराची जेवली का?" आपल्या पोटच्या लेकराले आपलं मनाचं नाई, एवढ्या वर्सात एकडाव बी नाई. जिभेवर आलेलं ती परत पोटात नेते. मी माय हावो तिची, मले दिसते.

मनून हे जो कोनी वाचन त्याले माहं एवढंच सांगनं हाय. बिसाहिन दवाखान्यात नोकरीले लागन, कुठी ना कुठी तुमच्या समोर येईन. नाव आयकून हासू नका, अन् खरी माय कोनती मनून इचारू नका. तिनं सोता सांगतलं का मी विकत घेतलेली हावो, तं हो मना.